पदवीचा रकाना आधी, काम नंतर? पुण्यातील गेम स्टुडिओंना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील गेम स्टुडिओंचे संचालक, विभागप्रमुख आणि मनुष्यबळ अधिकारी यांस

विषय : नवोदितांच्या भरतीतील पदवीच्या अटीबाबत

सप्रेम नमस्कार.

पुण्यात गेमिंग क्षेत्रातील नवोदितांसाठी निघणाऱ्या जाहिराती मी नियमितपणे वाचते. जागा प्रोग्रॅमरची असेल तर पात्रतेची पहिली ओळ बहुधा संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञानातील बी.ई. अथवा बी.टेक. अशी असते, कलाकाराची असेल तर बी.एफ.ए. किंवा ॲनिमेशनमधील पदवी. आणि टेस्टरची असेल तर निदान ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’. उमेदवाराने केलेले काम दाखवावे, ही अपेक्षाही त्याच जाहिरातीत असते, पण ती खाली कुठेतरी, ‘असल्यास प्राधान्य’ या शब्दांसह. मी गेमप्ले प्रोग्रॅमर आहे, म्हणजे पात्रांची हालचाल आणि खेळाचे नियम कोडमध्ये लिहिते, या शहरात बरीच वर्षे हेच काम करते आहे आणि मुलाखतीच्या टेबलावर आपल्याच बाजूला बसत आले आहे, त्यामुळे हे पत्र कोणा नाराज उमेदवाराची तक्रार म्हणून वाचू नये. माझे म्हणणे इतकेच आहे की, हा क्रम उलटा आहे. ज्या जागेला पदवी खरोखर लागते तिथे ती अट अवश्य ठेवावी आणि ती का लागते ते जाहिरातीतच लिहावे. बाकी सर्व जागांसाठी पदवीचा रकाना पहिल्या चाळणीतून काढून टाकावा आणि आधी काम पाहावे.

ही अट आपल्याकडे आली कुठून, याचा विचार केला तर तिचे मूळ गेमच्या धंद्यात नाही, हे लक्षात येते. ती हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडून आली. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत किमान ६० टक्के, एकही विषय राहिलेला नको, मध्ये वर्ष वाया गेलेले नको, हे निकष पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात आणि एकदा वायडी (‘इयर डाउन’, म्हणजे वर्ष वाया गेलेला) झालेला मुलगा पुढची सगळी वर्षे त्यांच्याच धास्तीत काढतो. त्या कंपन्यांच्या दृष्टीने हे निकष अगदीच गैर म्हणता येणार नाहीत. त्यांना एका हंगामात मोठ्या संख्येने मुले घ्यायची असतात, काही महिने प्रशिक्षण द्यायचे असते आणि मग बँकेच्या, विम्याच्या किंवा आणखी कशाच्या ज्या प्रकल्पावर माणूस हवा असेल तिथे त्याला पाठवायचे असते. कोण नेमके काय करू शकतो, हे आधी पाहण्याची सोय तिथे नसते आणि फारशी गरजही नसते. आखून दिलेल्या वेळापत्रकात चार वर्षे टिकलेला मुलगा आपल्याकडेही टिकेल, एवढा अंदाज त्यांना पुरतो.

आपले तसे नाही. मध्यम आकाराचा स्टुडिओ वर्षाला मूठभर नवोदित घेतो, त्यांना महिनोन्‌महिने शिकवायला कोणी मोकळे नसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच त्यांनी लिहिलेला कोड किंवा बनवलेले मॉडेल बिल्डमध्ये (गेमच्या चालवता येणाऱ्या आवृत्तीत) जाते. इतक्या थोड्या जागांसाठी इतकी ढोबळ चाळणी वापरण्याचे कारण मला सवयीपलीकडे दिसत नाही. मनुष्यबळ विभागातील पुष्कळ मंडळी आयटीतून आलेली असतात, अर्ज भरून घेण्याची प्रणालीही तिथलीच असते, आणि तिच्यासोबत तिचे रकानेही येतात.

हे रकाने प्रत्यक्षात काय करतात, याचे एक उदाहरण देते. सांगलीकडून पुण्यात आलेल्या आणि कर्वेनगरात खोली घेऊन राहणाऱ्या एका मुलाने बी.कॉम. अर्धवट सोडले होते. त्याने एकट्याने केलेला एक छोटासा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) मी माझ्या फोनवर खेळले. त्यात पात्राचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही क्षणभर उडी घेता येत होती. या सवलतीला आपल्या धंद्यात कोयोटी टाइम म्हणतात; ती नसली तर खेळणाऱ्याला वाटते की, आपण बटण वेळेवर दाबले आणि गेमनेच ऐकले नाही. उलट बाजूची सोयही त्याने केली होती, म्हणजे जमिनीला टेकण्याच्या जरा आधी दाबलेले बटण गेम लक्षात ठेवत होता आणि पाय टेकताच उडी देत होता. या दोन्ही मुदती किती फ्रेमच्या (पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांच्या) असाव्यात हे ठरवण्यासाठी त्याने गेममध्येच एक मेनू दडवून ठेवला होता आणि मित्रांना खेळायला देऊन, त्यांचे हात पाहून, त्यातले आकडे बदलले होते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्याच्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर मधूनच एखादी फ्रेम त्याहून कितीतरी लांबत होती आणि गेमला आचका बसत होता. त्याने प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो हे मोजणारे साधन) लावला, प्रत्येक गोळी नव्याने तयार होऊन नष्ट होत असल्यामुळे गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी साफ करणारी यंत्रणा) मध्येच कामाला लागतो हे शोधून काढले, आणि सगळ्या गोळ्या सुरुवातीलाच तयार करून त्याच पुन्हा पुन्हा वापरण्याची व्यवस्था केली. प्रकल्पासोबतच्या टिपणात हे सगळे क्रमाने लिहिलेले होते. ज्या स्टुडिओत त्याने अर्ज करायचे ठरवले, त्याच्या ऑनलाइन अर्जात ‘पदवी पूर्ण केल्याचे वर्ष’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते, आणि गेमची लिंक देण्याची जागा त्या पुढच्या पानावर होती. तिथल्या एकाही प्रोग्रॅमरला हा मुलगा कधी दिसला नसणार.

टेस्टरच्या जागेसाठी पदवी मागण्याचे कारण तर मला कोणीच पटवून देऊ शकलेले नाही. चांगला टेस्टर त्याच्या नोंदीवरून ओळखू येतो. ‘दुसऱ्या लेव्हलमध्ये गेम अडकतो’ असे लिहिणारे पुष्कळ मिळतात. त्याऐवजी एखादा बिल्डचा क्रमांक आणि फोनचे मॉडेल देऊन असे लिहितो की, दरवाजा उघडत असतानाच फोन आला आणि तो घेऊन गेममध्ये परत आले, तर दरवाजा उघडा दिसतो पण त्यातून जाता येत नाही. दहा वेळा करून पाहिले तर सात वेळा असे झाले. फोन न येता नुसते होम बटण दाबून परत आले तर मात्र एकदाही झाले नाही. अशी नोंद मिळाली तर प्रोग्रॅमरचा अर्धा दिवस वाचतो, कारण चूक कुठे शोधायची याचा पत्ता त्या शेवटच्या वाक्यात दिलेला असतो. असे वाक्य लिहिणारी व्यक्ती इतिहासात बी.ए. झाली आहे की बारावीनंतर घरच्या दुकानात बसत होती, याने आपल्या कामात काय फरक पडतो? मुलाखतीला आलेल्यांना जुनाच, चुका असलेला एक बिल्ड द्यावा आणि तासाभरात तीन नोंदी लिहून मागाव्यात. निवड करायला याहून अधिक काही लागत नाही.

कलाकारांच्या बाबतीत एक खास महाराष्ट्रातली अडचण आहे, जी मुख्यालयाकडून आलेल्या नमुना-जाहिरातीच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे कला संचालनालयाची जी.डी. आर्ट ही पदविका पिढ्यानपिढ्या चालत आली. अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांमधून शिकलेल्यांनी या शहरातल्या जाहिराती, मुखपृष्ठे आणि दिवाळी अंक रंगवले, आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर पदवी लिहिलेली आहे की पदविका, हे बघायला कोणी गेले नाही. आता मात्र ‘पदवीधर’ एवढाच शब्द ओळखणारी यंत्राची चाळणी त्यांना बाहेर टाकते. तिकडे मॉडेलची वायरफ्रेम (त्याचा जाळीदार सांगाडा) उघडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. कोपर आणि गुडघा वाकवायचा तर तिथे पुरेशा कडा दिल्या आहेत का, जे कधीच दिसणार नाही अशा तळाच्या बाजूवर पॉलिगॉन (मॉडेल ज्यांनी बनते ते छोटे बहुकोन) उधळले आहेत का, टेक्श्चरची (पृष्ठभागावर चढवायच्या चित्राची) जागा चेहऱ्याला जास्त आणि बुटाच्या टाचेला कमी अशी वाटली आहे का, हे जाणत्या डोळ्याला लगेच कळते. मॉडेल बनवण्याचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते, त्यामुळे साधनच परवडले नाही, ही सबबही आता उमेदवाराला राहिलेली नाही.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही, हेही नमूद करावेसे वाटते. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा तिचे दामले आणि फत्तेलाल हे दोन संस्थापक बाबुराव पेंटर यांच्या हाताखाली काम करत करत तयार झालेले होते. १९६० साली त्याच प्रभातच्या आवारात आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची धंद्यातली ओळख त्याच्या डिप्लोमा फिल्मवरून होत आली आहे. कॅमेरा कोणी हाताळला, संकलन कोणी केले, हे पडद्यावर दिसते. (संस्थेच्या बहुतेक प्रमुख अभ्यासक्रमांना प्रवेश घ्यायला मात्र कोणत्यातरी शाखेची पदवी लागते, हे आपल्यापैकी कोणी माझ्या लक्षात आणून देण्याआधी मीच सांगून टाकते.) गेमच्या बाबतीतही या शहराची कमाई लहान नाही. गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ २००८ साली युबिसॉफ्टने घेतला. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला आणि त्याच वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ साली बाजारात आला. या काळात माझ्याबरोबर काम केलेले लोक यंत्र अभियांत्रिकीतून आले, उपयोजित कलेतून आले, कॉल सेंटरमधून आले. गेमची अशी पदवी तेव्हा फारशी कुठे मिळतच नव्हती, त्यामुळे ती मागण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. आज त्यांच्यापैकी काही जण आपल्या स्टुडिओंमध्ये लीड (गटप्रमुख) आहेत आणि त्यांच्या सहीने निघणाऱ्या जाहिरातीत मात्र पदवीची अट असते.

याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा मुळीच नाही, आणि अठरा वर्षांच्या मुलाला कॉलेज सोडून गेम बनवायला बसण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. ‘डूम’ या गेमचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी दोन सत्रांनंतर विद्यापीठ सोडले, हे मुले मला आवर्जून ऐकवतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने तयार करून २०१६ साली प्रसिद्ध करणारे एरिक बॅरोन हे संगणकशास्त्राचे पदवीधर होते आणि पदवी असूनही नोकरी मिळेना, तेव्हा कौशल्य वाढवण्यासाठी त्यांनी तो गेम करायला घेतला, हे मात्र कोणी ऐकवत नाही. १९७७ साली निन्टेन्डोत गेलेले, ‘मारिओ’चे जनक शिगेरू मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकलेले होते. अशा नावांवरून हवे ते सिद्ध करता येते, म्हणून ती बाजूला ठेवलेलीच बरी.

पदवीचा उपयोग जिथे खरा आहे, ती ठिकाणे वेगळी आहेत. ग्राफिक्स प्रोग्रॅमर, इंजिनाच्या (गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) गाभ्यात काम करणारा, मल्टिप्लेअरचे नेटवर्क सांभाळणारा, यांना रेषीय बीजगणित, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मेमरीची रचना पक्की यावी लागते, आणि जो स्वतःच्या आवडीने शिकतो तो नेमके हेच कंटाळवाणे भाग गाळतो. मुलाखतीत मी विचारते की, वस्तूचे फिरणे तीन कोनांत साठवण्याऐवजी क्वाटर्निअन (फिरणे चार संख्यांत मांडण्याची पद्धत) का वापरतात. इंजिनातले फंक्शन पुष्कळांना माहीत असते. दोन अक्ष एका रेषेत आले की फिरण्याची एक दिशाच नाहीशी होते, हे कागदावर काढून दाखवणारे थोडे निघतात आणि त्यांत बीजगणिताच्या तासाला बसलेले जास्त असतात. परदेशी जायचे तर व्हिसाच्या नियमांत पदवीला वजन आहे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्याशी समतुल्य पात्रता लागते आणि तिथे शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी अनुभवाची तीन वर्षे मोजली जातात. जर्मनीने २०२३ पासून आयटीतल्या लोकांना अनुभवाच्या बळावर ब्लू कार्डाचा (नोकरीसाठीच्या निवास परवान्याचा) मार्ग मोकळा केला, पण असे देश थोडे. शिवाय २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. असा दिवस आला तर पदवीधराला बँकेची परीक्षा, एमपीएससी, एमबीए किंवा साधी आयटीतली नोकरी, असे दुसरे दरवाजे असतात. आई-वडिलांची काळजी इथे रास्त आहे.

परंतु हे सगळे उमेदवाराने पदवी का घ्यावी, याचे उत्तर झाले. आपण ती का मागावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्याच्या भविष्याची सोय ही त्याने आणि त्याच्या घरच्यांनी पाहायची गोष्ट आहे. आपल्याला त्याचा कोड चालतो की नाही, ते पाहायचे आहे. आणि ज्या ग्राफिक्सच्या जागेला गणित लागते, तिथेही गणितच तपासणे शक्य आहे, कारण पदवी असूनही ते न येणारे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

आपल्या जाहिरातीतील त्या एका ओळीचा आणखी एक परिणाम होतो, ज्याकडे आपले लक्ष गेले नसावे. गेम डिझाइनची पदवी किंवा पदवीसारखे दिसणारे काहीतरी विकणारे खासगी अभ्यासक्रम काही लाख रुपये घेतात, आणि त्यांचे समुपदेशक पालकांसमोर आपल्याच जाहिराती ठेवतात. ‘बघा, कंपन्याच पदवी मागतात,’ या वाक्यापुढे सोलापूरच्या किंवा जळगावच्या शिक्षक बापाचे काय चालणार? शैक्षणिक कर्ज निघते. काही अभ्यासक्रम चांगले आहेत, मन लावून शिकवणारी माणसे तिथे आहेत, हे मी जाणते. पण तीन वर्षांनंतर एकाच वर्गातल्या सगळ्यांचा पोर्टफोलिओ म्हणजे तेच तयार मॉडेलचे जंगल आणि तोच धावणारा सैनिक असेल, तर तो उघडताच आपण बंद करतो. म्हणजे प्रमाणपत्र आपण मागायचे, मुलाने ते कर्ज काढून आणायचे, आणि निवड शेवटी त्याच्याकडे नसलेल्या कामावरून व्हायची. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृती दल जाहीर केले, २०२५ साली राज्यानेही या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. त्यामुळे नवे अभ्यासक्रम येत्या काळात वाढतीलच. कोणते तगतील आणि कोणते नुसती प्रमाणपत्रे छापतील, हे बऱ्याच अंशी आपण जाहिरातीत काय लिहितो यावर ठरेल.

एका जागेला शेकडो अर्ज येतात, ते सगळे कोणी पाहायचे, असा प्रश्न आपण विचाराल आणि तो योग्यच आहे. त्यावर माझ्या काही सूचना आहेत. अर्जात पहिलाच रकाना खेळता येईल अशा बिल्डच्या, व्हिडिओच्या किंवा पोर्टफोलिओच्या लिंकचा ठेवावा आणि तो सक्तीचा करावा. निम्म्याहून अधिक अर्ज तिथेच गळतील असा माझा अंदाज आहे आणि ही गळती कामावरून झालेली असेल. उरलेल्यांना त्या-त्या विभागातील माणसाने प्रत्येकी दहा मिनिटे द्यावीत. यूट्यूबवरचा धडा पाहून उतरवलेले किंवा एआयकडून लिहून घेतलेले काम कसे ओळखायचे, हीदेखील रास्त शंका आहे. गिटमधला (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला) इतिहास उघडून पाहावा. तिथे गेम एका रात्रीत उगवला की महिनोन्‌महिने वाढला, हे दिसते. मग उमेदवाराला समोर बसवून त्याच्याच गेममध्ये एक बदल करायला सांगावा, जसे की दुहेरी उडी काढून भिंतीवरून उडी घ्यायची सोय करणे. ज्याने कोड स्वतः लिहिला आहे, तो कोणती फाइल उघडायची यासाठी अडखळत नाही.

घरी करायला दिली जाणारी चाचणी मात्र आवरायला हवी. आठवडाभराचे काम ‘असाइनमेंट’ म्हणून फुकट करून घेण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याने पदवीच्या अटीपेक्षाही जास्त नुकसान होते, कारण तो फक्त घरून पैसे येणाऱ्या मुलांनाच परवडतो. दिवसा नोकरी करून रात्री गेम बनवणारा त्यात मागे पडतो. चाचणी चार तासांची असावी, त्याहून मोठी असेल तर तिचे मानधन द्यावे, आणि नाकारलेल्याला निदान दोन ओळींत कारण कळवावे.

आणखी एक मुद्दा पगाराचा आहे. पदवीची अट काढायची आणि मग पदवी नाही म्हणून त्याच कामाला कमी पैसे द्यायचे, असे होऊ नये. जागेचा पगार जागेला असावा. मुख्यालयाच्या नियमामुळे किंवा ज्यांचे काम आपण घेतो त्या परदेशी प्रकाशकाच्या करारामुळे एखाद्या जागेसाठी पदवी टाळताच येत नसेल, तर ‘या जागेवरील व्यक्तीला अमुक काळात परदेशी पाठवावे लागते, त्यासाठी पदवी आवश्यक’ असे एक वाक्य जाहिरातीत घालावे. उमेदवाराला ते कळते, तो त्याप्रमाणे ठरवतो, आणि वर्षभर उगाच आशेवर राहत नाही.

विद्यापीठाचे निकाल लागले की नवोदितांच्या भरतीच्या जाहिराती पुन्हा निघतील. त्याआधी आपल्या ऑनलाइन अर्जातील ‘पदवी पूर्ण केल्याचे वर्ष’ हा रकाना ऐच्छिक करणे, हे एखाद्या दुपारचे काम आहे आणि त्याला कोणाच्या धोरणाची वाट पाहावी लागत नाही. ज्या स्टुडिओंकडे पहिल्या फेरीचे बिल्ड पाहायला माणूस नाही, त्यांच्यासाठी मी आणि माझे काही सहकारी शनिवारी सकाळी विनामोबदला बसायला तयार आहोत. अट एवढीच की, आमच्यासमोर येणाऱ्या यादीत उमेदवाराचे नाव, कॉलेज आणि टक्के नसावेत, फक्त लिंक असावी.

आपली विश्वासू,
एक गेमप्ले प्रोग्रॅमर, पुणे